कपाटातला प्रॉम्प्टर

माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या जुन्या रेस्टहाऊसमध्ये पंखे बंद होते, खिडक्या बंद होत्या, आणि महिना होता मे. चंद्रपूरकडचा मे ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. ज्यानं काढला नाही त्यानं एवढंच समजावं, की तिथं दुपारी कुत्रंसुद्धा भुंकायचा आळस करतं. तरी पंखे बंद, कारण नूतनचा हुकूम होता. सिनेमाचा आवाज पकडायचं काम तिच्याकडे होतं. पंख्याची घरघर एकदा टेपवर बसली की सासरच्या पाहुण्यासारखी, हलता हलत नाही, असं ती म्हणायची.

"अ‍ॅक्शन," राजदीप म्हणाला.

इन्स्पेक्टर झालेल्या सुरेंद्रनं टोपी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "त्या दिवशी खोलीत चहा कोणी नेला होता?"

उत्तर द्यायचं होतं स्वयंपाकीण झालेल्या रुखमाबाईंनी. रुखमाबाई गप्प. कॅमेरा चालू, खोलीभर माणसं घामानं निथळताहेत, आणि बाई आपल्या शांत उभ्या. मग त्यांची मान हळूच डावीकडे वळली, दाराच्या चौकटीकडे. तिथं कोणी नव्हतं.

"वामनभाऊ कुठी गेले वं?" त्यांनी कॅमेऱ्यात बघूनच विचारलं.

राजदीपनं कपाळाला हात लावला. नूतननं हेडफोन काढले आणि मान खाली घातली, कारण वामनभाऊ म्हणजे तिचे वडील, आणि त्यांना सकाळीच बाहेर घालवलं होतं तिनंच.

आता आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक ज्यानं पाहिलं नाही त्याला ही भानगड कळायची नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. दिवाळी ते होळी आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. आज या गावात, उद्या त्या गावात, नाटक वेगळं, कंपनी वेगळी, नट तेच. पाठांतराला वेळ आहे कुणाला? विंगेत प्रॉम्प्टर उभा राहतो, हातात नाटकाची वही, आणि तो वाक्य पुढं सरकवत जातो. नट ते कानानं उचलतो आणि तोंडानं फुलवतो. पुण्या-मुंबईचे लोक हे ऐकून हसतात. हसोत बापडे! कानानं पुढचं वाक्य घ्यायचं, तोंडानं मागचं बोलायचं आणि त्याच वेळी भरल्या मंडपाला रडवायचं, हे एकदा करून दाखवा म्हणावं. मग हसा.

वामनभाऊ या कामातले राजे. त्यांचा आवाज नटापर्यंत जायचा आणि तिथंच संपायचा. पहिल्या रांगेत बसलेल्या पाटलाला कधी एक अक्षर ऐकू आलं नाही. "प्रॉम्प्टरचा आवाज मंडपात गेला म्हनजे नाटकाची अब्रू गेली," असं ते म्हणायचे, आणि ही अब्रू त्यांनी जन्मभर सांभाळली होती. लहानपणी नूतन त्यांच्या पायाशी सतरंजीवर झोपायची. सगळं नाटक तिनं ऐकलं ते मागून, आणि दोनदा. आधी बाबांच्या कुजबुजीत आणि मग नटांच्या तोंडी. जी वाक्यं ऐकून लोक शिट्ट्या मारायचे ती आपल्या बापाच्या तोंडून निघालेली असतात, याचा तिला केवढा तोरा होता! शाळेत तिनं एकदा सांगूनही पाहिलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

पुढं ती चंद्रपूरला जटपुरा गेटजवळच्या कॅसेटच्या दुकानात लागली, आवाज भरायला शिकली, कापायला शिकली, जोडायला शिकली. सीडीचा जमाना आला तेव्हा राजदीप मुंबईहून परत आला. टीव्हीच्या गुन्हेगारी मालिकांत असिस्टंट म्हणून राबून राबून त्याचा जीव विटला होता. आपल्या मातीतला खुनाचा सिनेमा आपल्याच माणसांत काढायचा, असं त्याच्या डोक्यात भरलं. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा आणला, सिनेमाला नाव दिलं 'खोली नंबर तीन'. रेस्टहाऊसच्या तीन नंबर खोलीत एक ठेकेदार मरून पडलेला सापडतो, आणि मारणारा कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, अशी गोष्ट. मारणारा कोण हे राजदीपनं नटांनाही सांगितलं नव्हतं. माहीत होतं फक्त नूतनला, आणि वामनभाऊंना, कारण वाचून दाखवणार ते.

स्वयंपाकीण सखूबाईच्या कामाला रुखमाबाईच पाहिजेत, हा हट्ट नूतनचा. "ती बाई उभी राह्यली का तुले दुसरं कोनी दिसनार नाई," तिनं राजदीपला सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. एके काळी रुखमाबाई स्टेजवर येणार म्हटलं की बैलबंड्या जुंपून लोक यायचे. आता मात्र कंपन्या त्यांना सासूचं काम देत, दोन सीनचं, आणि तेही उपकार केल्यासारखं. या सिनेमाचं कळल्यापासून त्यांची नात गावभर सांगत सुटली होती, का माझी आजी टीव्हीत दिसनार.

पहिले काही दिवस वामनभाऊ दारामागे उभे राहून वाक्यं देत होते. कॅमेऱ्यात सगळं झकास. पण नूतनच्या हेडफोनमध्ये? एका वाक्यात दोन माणसं! रुखमाबाई "साहेब, मले काय..." म्हणतात तोवर बाबा "...मालूम" वर पोचलेले. एकावर एक. नाटकात हीच तर त्यांची करामत, बोलणाऱ्याच्या दोन शब्द पुढं राहायचं. पण टेपला माया नसते. ती सगळं ऐकते.

शेवटी तिलाच सांगावं लागलं, "बाबा, तुम्ही बाहेर बसा." वामनभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले. जन्मभर ज्याच्या आवाजावर आपलं घर चाललं त्याला आपण आवाजासाठीच बाहेर काढलं, हे तिला फार लागलं.

आणि आता हे असं. बाई मुक्या.

राजदीपनं तिला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता तो, पण पार थकलेला होता. "नूतन, उद्या संध्याकाळपर्यंतच रेस्टहाऊस आपल्याकडे आहे. उद्या शेवटचा सीन. तो बिघडला तर सिनेमाच गेला. उद्या दुपारी बाईंकडून नाही झाला, तर मी नागपूरहून दुसरी नटी आणतो अन् त्यांचं सगळं काम पुन्हा काढतो. मले दुसरा इलाज नाही."

"नंतर डबिंग कर ना."

"तिथं तरी त्यांले वाक्य कोण देणार? अन् त्या खोलीतली ती धग स्टुडिओत कुठून आणू?"

हे बोलणं दारापर्यंत गेलं होतं. रुखमाबाई स्वयंपाकिणीच्याच लुगड्यात उभ्या होत्या. "मले काढनार का वं पोरी?" त्यांनी विचारलं.

उद्याचं गुपित फोडायचं नव्हतं, म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसून नूतननं बाईंकडून आज अडलेल्या सीनची वाक्यं घोकून घेतली. रुखमाबाईंना वाचता येत नव्हतं, पण डोकं असं तेज, की तीनदा ऐकलं आणि पाठ. मग उभ्या राहून त्यांनी ती म्हणून दाखवली. अरे बापा! पंधरा ऑगस्टला शाळेतली पोरगी भाषण करते तसं. शब्द सगळे बरोबर, आणि एकात जीव नाही.

रुखमाबाईंनाही ते कळलं. खाली बसत त्या म्हणाल्या, "पाठ तं झालं वं. पन त्याच्यात मी कुठी आहे? वामनभाऊचा आवाज कानात आला का मले वाटते, कोनीतरी मायाशी बोलून राह्यलं. मंग मी बोलतो. हे तं मी भिंतीसंग बोलून राह्यली."

नूतननं ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. ती तशीच उठून कडुनिंबाखाली गेली.

"बाबा, तुमचा आवाज अन् रुखमामावशीचा आवाज एकावर एक नसला, तं मी तुमचा तेवढा कापून काढू शकते. तुम्ही पुरं वाक्य द्यायचं अन् गप्प व्हायचं. मावशीनं बोलायचं. ती थांबली का पुढचं."

वामनभाऊ हसले. "गप्प बसून प्रॉम्प्टिंग? हे तं पान्यात न उतरता मासोळी धरनं झालं!"

"जमन का नाई ते सांगा."

"माया आवाज कापशीन तू?"

"हो बाबा."

"बेस आहे," ते म्हणाले. "नाहीतरी कोनाले ऐकू जायाले नोकोच."

करून पाहिलं, तर जमेना. वाक्य देऊन ते थांबत, रुखमाबाई बोलायला लागत, आणि यांचे ओठ सुरू! सवयच ती. तोंडावर हात ठेवला तर हातातून आवाज येई. अखेर त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं. वाक्य द्यायचं, की टोक दातांत. बाई थांबल्या, की टोक बाहेर. अंधार पडेपर्यंत तिघांनी हा खेळ केला. रुखमाबाई हसून हसून दमल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "आता जमते."

उरली बसायची जागा. आवाज बाईंना पोचायला हवा आणि माणूस दिसायला नको. खोलीत भिंतीला लागून सागाचं एक मोठं कपाट होतं, अगदी जिथं बाईंनी उभं राहायचं त्याच्यामागे.

"त्याच्यात? या उन्हाळ्यात?" नूतन म्हणाली. "बाबा, जीव गुदमरन तुमचा."

"सारी जिंदगी पडद्यामागं काढली, कपाट का मले नवं आहे?" वामनभाऊंनी बॅटरीचा खटका दाबून पाहिला. "मले फक्त बॅटरी अन् थोडसं पानी दे."

दुसऱ्या दिवशी खाणीतला दुपारचा ब्लास्ट होऊन गेला, खिडकीच्या काचा थरथरून शांत झाल्या, आणि राजदीपनं सगळ्यांना आपापल्या जागी उभं केलं. वामनभाऊ पानं घेऊन कपाटात शिरले. नूतननं दार लोटलं, बोटभर फट ठेवली. तिकडे रुखमाबाई नेहमीप्रमाणे सुरेंद्रला छेडत होत्या, "काय गा इन्स्पेक्टर, सापडला का नाई तो मारनारा? ज्यानं मारलं त्याचे हात झडो!" गेले सगळे दिवस त्यांचा हाच धोशा होता. मारणारा म्हणजे सुरेंद्रच असणार, अशीही त्यांना शंका होती. नूतननं नजर दुसरीकडे फिरवली.

"अ‍ॅक्शन."

सुरेंद्रनं समोरचा चहाचा कप बाजूला सारला. "सखूबाई, ठेकेदाराच्या चहात काय होतं?"

नूतनच्या कानात कपाटातून कुजबुज आली, स्वच्छ, पुरी. मग कापड दातांत धरल्याचा बारीक आवाज. मग रुखमाबाई बोलल्या. "साखर होती साहेब. त्याले गोड लागे." आवाजावर आवाज नाही. दोघांच्या मधे बोटभर शांतता. नूतनला नाचावंसं वाटलं.

"अन् काय होतं?"

कुजबुज. कापड. "माया पोरगा यानं बिनपरवान्याच्या खड्ड्यात उतरवला, साहेब. खड्डा त्याच्या अंगावर खचला. मले म्हने, तुझा पोरगा कामावर आलाच नाई, पळून गेला."

"तुम्हाला कधी कळलं?"

कुजबुज. कापड. "यानंच सांगतलं. दारू पिऊन. माया हातचं जेवता जेवता."

"मग?"

कपाटातून पुढचं वाक्य आलं. *मीच मारलं त्याले, साहेब.*

रुखमाबाईंनी ते ऐकलं. आणि थांबल्या.

त्यांना माहीतच नव्हतं ना! इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या, ज्याचे हात झडायला सांगितले, तो कोण हे त्यांना आत्ता कळलं, कानातून. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. तोंडावरचा रंग उतरला. तोंड उघडलं, मिटलं. त्या स्वयंपाकिणीला आपण काय केलं ते पहिल्यांदाच कळत होतं, असंच कुणालाही वाटलं असतं, आणि खरं म्हणजे तसंच होतं. नूतनच्या हेडफोनमध्ये काचेच्या बांगड्यांची बारीक थरथर आली, दुसरं काही नाही.

शांतता लांबली. फार लांबली. बाई अडल्या, असं वाटून राजदीपचा हात 'कट'साठी वर गेला. नूतननं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

आणि मग कपाटातून आवाज आला. ठरलेला नव्हता तो. पानावर नव्हता. वामनभाऊ इतकी वर्षं 'बोला रुखमाबाई' म्हणत आलेले, अहो-जाहो कधी सोडलं नाही. आत्ता ते म्हणाले, "बोल."

एवढंच. पण त्यात इतकी माया होती, की नूतनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मीच मारलं त्याले, साहेब," रुखमाबाई म्हणाल्या.

सीन तिथं संपत होता. सुरेंद्रनं उठून टोपी घालायची, बस. पण रुखमाबाई पुढं झाल्या, टेबलावरच्या कपाला त्यांनी बोट लावून पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुमचा चहा थंडा झाला. दुसरा मांडू का?"

सुरेंद्र सगळी वाक्यं पाठ करून येणारा नट. याला काही त्याच्याकडे वाक्य नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली, आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळलं.

"कट," राजदीप म्हणाला, ते कुणाला नीट ऐकूही गेलं नाही. मग तो जाऊन रुखमाबाईंच्या पाया पडला. नागपूरच्या नटीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

नूतन कपाटाकडे धावली. वामनभाऊ आत घामानं न्हालेले, हातातली पानं ओली, बॅटरी अजून चालू. ते पानं उलटीपालटी करत होते. "ते चहाचं कोनतं पान होतं वं? मले सापडून नाई राह्यलं."

"ते नाई पानात, बाबा."

"नाई ना? मले वाटलं, मीच चुकवलं."

रुखमाबाई जमिनीवर बसल्या होत्या, पदरानं वारा घेत. "वामनभाऊ, मले आधी काऊन नाई सांगतलं? मी मायाच हाताले शिव्या देत होती ना!"

"प्रॉम्प्टरनं पुढचं सांगायचं नसते बाई," वामनभाऊ म्हणाले आणि घटाघटा पाणी प्यायले.

चंद्रपूरला राजदीपच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून नूतननं तो सीन साफ केला. बाबांची एकेक कुजबुज कापायची आणि फेकायची. सोपं काम होतं, त्यांनी शिस्तच इतकी पाळली होती. पण प्रत्येक वेळी काहीतरी तुटल्यासारखं तिला वाटे. त्यांच्याइतका चोख माणूस तिनं पाहिला नव्हता, आणि त्या चोखपणाचा पुरावा ती स्वतःच्या हातानं पुसत होती. मग ती शांतता आली, आणि तो 'बोल'. तिनं तो कापला. चालवून पाहिलं. बाई थांबतात आणि बोलतात, पण का बोलतात ते कळत नाही. तिनं तो परत ठेवला आणि राजदीपला ऐकवला. त्यानं डोळे मिटून ऐकलं, नुसतं "राहू दे" म्हणाला आणि चहा आणायला गेला. बाबांना यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं.

दिवाळी झाल्यावर वडशाला, जिथं सगळ्या नाटक कंपन्यांची बिऱ्हाडं असतात, काळं कापड लावलेल्या मंडपात दुपारचा पहिला खेळ लागला. निम्मी झाडीपट्टी लोटली होती. रुखमाबाई नातीला मांडीवर घेऊन पुढं बसल्या. वामनभाऊंना नूतननं मधोमध खुर्ची दिली. त्यांना तिथं चैन पडेना. जन्मात कधी समोर बसले नव्हते. "इथून एवढं सगळं दिसते का लोकाले?" त्यांनी हळूच विचारलं, आणि नूतनला हसूही आलं आणि भरूनही आलं.

कबुलीचा सीन आला. पडद्यावर रुखमाबाईंचं तोंड, मंडपाएवढं. शांतता. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मंडपातल्या मोठ्या स्पीकरमधून, सगळ्यांच्या डोक्यावरून, आला तो आवाज.

"बोल."

मंडपभर शहारा गेला. मागं एक बाई म्हणाली, "माय वं! मेलेला पोरगा बोलला तिचा." कुणीतरी हुंदका दिला.

वामनभाऊंनी नूतनचा हात गच्च धरला. "ऐकू गेला वं पोरी," ते म्हणाले. "सगळ्याइले ऐकू गेला. चुकलो मी. इतक्या वर्साची अब्रू..."

"नाई चुकले, बाबा. मी ठेवला तो. मुद्दाम."

त्यांनी वळून मागं बसलेल्या लोकांकडे पाहिलं, अंधारात, रांगेमागून रांग, बायका पदरानं डोळे पुसताहेत. पडद्यावर रुखमाबाई कपाला बोट लावत होत्या. *तुमचा चहा थंडा झाला.* वामनभाऊंचे ओठ हलले, दोन शब्द पुढं. या वेळी ते वाक्य त्यांना पाठ होतं.

दिवे लागले, लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. वामनभाऊंनी दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि नूतनच्या कानाशी वाकून, जन्मभराच्या सवयीनं कुजबुजत, लटक्या रागानं म्हणाले, "आधी सांगतलं असतं, तं जरा खाकरून बोललो असतो ना."